जुन्या नाटकाला कातर लावतांना

तिवसा येथील एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या घरीं चातुर्मासांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत सर्वांनीं बसून कांहीं वाचावें अशी जुनी वहिवाट आहे. मामंजी पोथी वाचतात. पोथी बांधून ठेवली कीं मग तासभर नाटकाचें वाचन होतें, आणि पात्रें घरांतल्या घरांत वांटून घेतात. यंदा देवलांचें 'शारदा' घ्यावयाचें ठरलें. पण मुलांना तें वाचतां येईना. इंग्रजी शाळेंत जाणारीं हीं मुलें जुन्या छापाच्या अनुस्वारांना दर ओळीस अडखळतात, आणि निम्मे शब्द त्यांना परके वाटतात. तेव्हां बाईंनीं स्वतःच एका वहींत नाटकाची लहान, सोपी प्रत करावयास घेतली. लगेच घरांत दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणतात, देवलांच्या अक्षराला हात लावूं नये. धाकटे भावोजी म्हणतात, लावायचाच तर पुरता लावावा. गोत्राबित्राची भानगड काढून टाकून शेवटीं पोलीस आणावे, म्हणजे मुलांना पटेल. बाई विचारतात, कापावें किती आणि राखावें काय?

प्रश्न एका माजघराचा दिसला तरी तसा तो नाहीं. शाळांकरितां व आजच्या वाचकांकरितां जुन्या नाटकांच्या 'सुलभ' आवृत्त्या काढणारांपुढें, आणि रंगभूमीवर रात्रभराचें नाटक तीन तासांत बसविणारांपुढें, हाच प्रश्न असतो. फरक इतकाच कीं, या बाईंना उत्तर आपल्या सासूबाईंना आणि आपल्या मुलीला अशा दोघींना द्यावयाचें आहे. ही परीक्षा कोणत्याहि टीकाकाराच्या परीक्षेपेक्षां अवघड.

प्रथम सासूबाईंचें म्हणणें घेऊं. त्यामागची भक्ति आदरणीय आहे. पण जुनें नाटक म्हणजे शिळेवर कोरलेला लेख नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें तें पहिल्या तीन अंकांनिशीं. पुढचे अंक नंतर जोडले गेले. त्यांत शंभरावर पदें आहेत. सगळीं म्हणावयाचीं तर पहांट होते, आणि त्या काळीं ती होत असे व कोणाची तक्रारहि नसे. पुढें मंडळ्यांनीं पदें गाळलीं आणि प्रवेश आंखडते घेतले. आज आपण जें 'सौभद्र' पाहतों तें मूळ ग्रंथाचा एक भागच होय. स्वतः गोविंद बल्लाळ देवल तर या कामांत मुरलेले. मोलिएरच्या एका फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीनें १७६१ सालीं इंग्रजी नाटक केलें. त्यावरून देवलांनीं १८९३ च्या सुमारास 'फाल्गुनराव' हें गद्य नाटक रचिलें, आणि पुढें त्याच गद्यांत पदें घालून 'संशयकल्लोळ' सिद्ध केलें, तें १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. ज्या लेखकानें दुसऱ्याचें व स्वतःचें लिखाण असें पुनःपुन्हां उकलून शिवलें, त्याच्या अक्षराला हात लावणें हें पातक म्हणतां येणार नाहीं. हात कोणाचा आणि कशासाठीं, एवढेंच पाहावयाचें.

आतां शुद्धलेखन. (आमचें हें सदर जुन्या वळणानेंच लिहिलें जातें हें नित्याचे वाचक जाणतात, म्हणून आमच्या तोंडीं पुढील सल्ला विचित्र वाटेल.) मुलांकरितां केलेल्या प्रतींतील गद्य बाईंनीं खुशाल आजच्या नियमांनीं लिहावें. 'तें' आणि 'ते' यांतला भेद लिहिण्यांतून गेला तरी मोठ्यानें वाचतांना संदर्भानें कळतो, आणि ज्या अनुस्वाराचा उच्चारच होत नाहीं त्याच्यासाठीं मुलाला ओळीगणिक थांबविण्यांत कांहीं पुण्य नाहीं. पण पदांना मात्र हा नियम लावूं नये, आणि याचें कारण भावनेचें नसून गणिताचें आहे. आजच्या नियमांप्रमाणें शब्दाच्या शेवटचा इकार व उकार दीर्घ लिहावा लागतो. 'मति'चें 'मती' होतें, 'गुरु'चें 'गुरू' होतें. गद्यांत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण साकी, दिंडी यांत मात्रा मोजलेल्या असतात. ऱ्हस्वाचा दीर्घ केला कीं एक मात्रा वाढली आणि चाल लंगडली. शिकाऊ मुलगी पेटी घेऊन बसते, पुस्तकांत छापलें आहे तसें म्हणते, आणि सम चुकली कीं दोष आपल्या गळ्याला देते.

नियम करणारांनीं याचा विचार केला नव्हता असें नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा व १९७२ सालचे चार, मिळून जे अठरा नियम रूढ आहेत, त्यांत वृत्तासाठीं कवीला ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक ठेवलेली आहे. शिवाय जुनें साहित्य कसें छापावें याविषयीं असें सांगितलें आहे कीं, केशवसुतांच्या पूर्वीचें पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचें गद्य मुळाबरहुकूम छापावें. त्यानंतरचें सर्व नव्या नियमांनीं. आतां हा नियम घेऊन 'सौभद्र' छापावयास बसा. नाटक १८८२ चें. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं सुरू झालेली; म्हणजे गद्य नव्या नियमांत गेलें. केशवसुतांचें काव्यलेखन तेव्हां अजून सुरू व्हावयाचें होतें. म्हणजे पद्य जुन्यांत राहिलें. एकाच पानावर सुभद्रा बोलेल तें एका शुद्धलेखनानें आणि गाईल तें दुसऱ्या! हंसूं येतें खरें, पण विचार करतां हीच सोय सर्वांत शहाणपणाची आहे. बोलणें नवें, गाणें जुनें. 'शारदा' काळानें नंतरचें, तरी बाईंनीं आपल्या वहींत हाच रिवाज ठेवावा.

शब्दांविषयीं फार लिहीत नाहीं. भुजंगनाथाचें वय 'पाऊणशें' म्हणून सांगितलें आहे. हा शब्द आजच्या मुलाला कळत नाहीं, आणि कळत नाहीं म्हणून त्या जागीं 'पंचाहत्तर' घालावें तर वृत्त मोडतें व त्यांतील थट्टाहि जाते. समासांत एक टीप लिहिली कीं झालें, आणि मूल जन्मभर उपयोगी पडेल असा एक शब्द शिकलें. 'देज' या शब्दाची टीप मात्र थोडी लांब हवी. आजच्या मुलांना हुंडा ठाऊक आहे, कारण त्याच्या बातम्या अजून येतात; मुलीचा बाप वराकडून पैसा घेई, ही उलट दिशेची देवघेव त्यांना ठाऊक नाहीं. ती न सांगितली तर कांचनभट हा लोभी होता कीं नुसता मूर्ख होता तेंच कळणार नाहीं, आणि नाटकाचा पायाच डळमळेल.

आतां भावोजींची सूचना. ही आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण असल्या सूचना घरोघर होतात, आणि करणारे चांगल्या हेतूनें करतात.

'शारदा'चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजीं इंदूर येथें झाला. पंचाहत्तरीचा श्रीमंत म्हातारा, त्याला मुलगी मिळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशासाठीं मुलगी विकणारा बाप कांचनभट, आणि नवऱ्यापुढें व रूढीपुढें हतबल झालेली आई इंदिराकाकू. लग्न उभें राहतें. मांडवांत शंभर माणसें असतील. मुलगी नातीच्या वयाची आहे हें सर्वांना दिसतें आहे, व्यवहार पैशाचा आहे हेंहि बहुतेकांस ठाऊक असावें. त्यामुळें लग्न थांबतें का? नाहीं. तें थांबतें वर आणि वधू सगोत्र आहेत हें उघडकीस आल्यामुळें. भावोजींना हें कृत्रिम वाटतें. मुलें विचारतात, "काहून? गोत्र एक असलं तर काय झालं?" मुलांचा प्रश्न अगदीं योग्य आहे, आणि त्याचें उत्तर देणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे, प्रश्नच पुसून टाकणें हें नव्हे.

उत्तर असें. १८९९ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत हिंदूंच्या लग्नाच्या वयाला कायद्याची मर्यादा नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें बारा वर्षांची अट घातली होती ती समागमास, विवाहास नव्हे. म्हणजे त्या मांडवांत पोलीस आला असता तर अक्षता घेऊन जेवून गेला असता! भुजंगनाथाला थांबविण्याची शक्ति राज्याच्या कायद्यांत नव्हती, शेजाऱ्यांच्या लाजेंत नव्हती, आईच्या अश्रूंत नव्हती. ती फक्त गोत्रांत होती. ज्या शास्त्राच्या आधारानें मुलीला बोहल्यावर आणलें त्याच शास्त्राची एक बारीक अट तिला सोडविते; मुलीचें दुःख मात्र कोणालाच थांबवीत नाहीं. देवलांनीं आपल्या समाजाला ही जी चपराक दिली ती टाळ्यांच्या कडकडाटांत पुष्कळांच्या ध्यानांतहि आली नसेल. पण ती तेथें आहे. पोलीस आणले कीं ती गेली. उरली ती एक सुखान्त गोष्ट, ज्यांत वाईट माणसें वाईट असतात आणि सरकार चांगलें असतें.

पुढचा इतिहासहि मुलांना सांगण्यासारखा आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ सालीं झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. मुलीला चौदा व मुलाला अठरा वर्षांची अट. त्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणतात, आणि तें नांव देवलांच्या नायिकेवरून पडलें असें अनेक सुशिक्षित घरांत आजहि समजतात. वास्तविक तें नांव कायद्याचें विधेयक आणणारे अजमेरचे हरविलास सारडा यांच्या आडनांवावरून आलेलें आहे. योगायोग गोड आहे, पण योगायोगच. ही मर्यादा १९७८ सालीं अठरा व एकवीस झाली, आणि सध्यांचा कायदा २००६ सालचा आहे. दुसरीकडे सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या कायद्यानें दूर झाली व १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतहि ती उरली नाहीं. म्हणजे पाहा: ज्या कारणानें शारदा वांचली तें कारण आज कायद्यांत नाहीं, आणि ज्या कारणानें ती आज वांचेल तें कारण तेव्हां नव्हतें. त्यांतहि मुलगी अठरा पुरी झालेली असेल आणि घरच्यांच्या भिडेनें, कर्जाच्या ओझ्यानें 'हो' म्हणाली असेल, तर पंचाहत्तरीच्या वराला आजचा कायदाहि अडवीत नाहीं. भावोजींच्या पोलिसांनीं तेव्हां काय करावें? या एका प्रश्नावर घरांत वाचन थांबवून अर्धा तास बोलणें झालें तर तो अर्धा तास नाटकाचाच समजावा. आमची सूचना अशी कीं, भावोजींना भुजंगनाथाचें काम द्यावें. गोत्र उघडकीस येतांच जो संताप त्या म्हाताऱ्याला येतो तो मोठ्यानें वाचून दाखवितांना त्यांचें मत बहुधा बदलेल.

तात्पर्यार्थानें नव्हे, पण या उदाहरणावरून कापण्याची एक रीत निघते. जें कंटाळवाणें आहे तें कापावें. जें आपल्याला लाजवितें तें कापूं नये. दोहोंत गल्लत फार सहज होते. इंग्लंडांत १८०७ सालीं शेक्सपिअरच्या वीस नाटकांची एक सोंवळी आवृत्ति निघाली. कुटुंबांत मोठ्यानें वाचतां न येण्यासारखें कांहीं त्यांत राहूं नये हाच तिचा हेतु, म्हणजे आपल्या तिवशाच्या बाईंच्या हेतूचा जवळचा नातलग. ती हेन्रिएटा बौडलर या बाईंनीं केली, पुढें १८१८ सालीं त्यांचे बंधु थॉमस यांनीं दहा भागांत वाढविली. खपली पुष्कळ, पण त्या घराण्याचें नांव इंग्रजी भाषेंत 'ग्रंथाची खच्ची करणें' या अर्थाचें क्रियापद होऊन बसलें. त्याच्याहि आधीं नाहम टेट नांवाच्या गृहस्थानें १६८१ सालीं 'किंग लियर'चा शेवट बदलून धाकट्या मुलीला जिवंत ठेवलें आणि तिचें लग्न लावून दिलें. प्रेक्षकांना तें इतकें आवडलें कीं दीडशें वर्षें इंग्रज रंगभूमीवर लियरची मुलगी मरत नव्हती. १८३८ सालीं मॅक्रेडी या नटानें मूळ शेवट परत आणला. लोकांना आवडलें म्हणून बदल योग्य ठरतो असें मानणारांनीं हें साल ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडचा धोका जरा निराळा आहे. आपण शेवट फारसे बदलीत नाहीं. आपण उपकथानक गाळतों. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' घ्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें नागपूरजवळ सावनेरास वारले आणि पुढच्याच महिन्यांत तें बडोद्यास रंगभूमीवर आलें. पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं. आजच्या वाचक-भगिनींना सिंधूचें सोसणें पटत नाहीं, आणि न पटणें स्वाभाविक आहे. पण त्याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती सोसून घेणारी नाहीं, तिच्या जिभेला धार आहे, दारुड्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती मोजीत नाहीं. संक्षेप करणाराची कातर मुख्य कथेला धरून चालते. तिला गीता म्हणजे केवळ विनोदाचा भरणा वाटतो. गीता गेली कीं सिंधू एकटी उरते, आणि मग तीच जणूं गडकऱ्यांचें शेवटचें म्हणणें होऊन बसते. लेखकानें घरांतच ठेविलेला प्रतिपक्ष आपण बाहेर काढावयाचा, आणि वर लेखक एकांगी आहे अशी ओरड करावयाची! सिंधूच्या बोलण्यांतलें एक अक्षर न बदलतां आजच्या घरांत हें नाटक वाचतां येतें. गीतेला मात्र पुरतें बोलूं दिलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट तिवशाकरितां मुद्दाम सांगावीशी वाटते. काय कापावें हें कोण वाचणार यावरहि अवलंबून असतें. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त विदर्भाच्या राज्याविषयींचें राजकारण आहे. पांचव्या अंकांत अग्निमित्र त्या राज्याचे दोन भाग करून यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांस देतो आणि मध्यें वरदा नदीची सीमा ठरवितो. प्रेमकथेला त्याची गरज नाहीं, आणि पुण्यामुंबईचा संपादक तें पहिल्या झटक्यास गाळील. पण वरदा म्हणजे आपली वर्धा, अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांच्या मधून आजहि वाहणारी. तिवशाच्या मुलांनीं तीं चार वाक्यें वाचलींच पाहिजेत. तसेंच खाडिलकरांचें 'स्वयंवर'. १९१६ सालीं गंधर्व मंडळीनें तें मुंबईस आणलें, आणि रुक्मिणीच्या पदांनीं महाराष्ट्र वेडा झाला. त्या रुक्मिणीचें माहेर, विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, परंपरेनें कौंडण्यपूर मानतात. तें तिवसा तालुक्यांतच, वर्धेच्या कांठीं आहे, आणि आषाढीला तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. मुलें तें नांव वाचून एखादें परीकथेंतलें नगर समजून पुढें जातात. येथें एक शब्दहि बदलावयाचा नाहीं. एक ओळीची टीप, आणि जमल्यास एका रविवारीं बैलगाडीऐवजीं मोटारींतून त्या घाटावर जाऊन एक प्रवेश तेथें वाचणें. संपादनाचा हा प्रकार कोणत्याहि छापखान्याला साधणार नाहीं.

वहीच्या तयारीविषयीं दोन व्यवहाराच्या सूचना. जेथें गाळलें असेल तेथें तीन फुल्या मारून 'येथें इतक्या ओळी सोडल्या' असें लिहावें. आणि मूळ छापील पुस्तक वाचनाच्या वेळीं सासूबाईंच्या हातीं असावें. मुलानें वहींतून वाचावें, आजीनें पुस्तकांत पाहावें, आणि फुल्यांपाशीं तिनें हटकलें तर गाळलेलें तिच्याकडूनच वाचून घ्यावें. गाळणाराला असा पहारा असला कीं कातर जपून चालते. वाचन आठ दिवस चालेल. पण चातुर्मास चार महिन्यांचा आहे, घाई कसली?

'शारदा' संपल्यावर पुढें काय, असेंहि बाईंनीं विचारलें आहे. वऱ्हाडांतल्या घरानें वऱ्हाडच्या नाटककाराला विसरूं नये. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचीं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' व 'रणदुंदुभि' हीं नाटकें एके काळीं महाराष्ट्रभर गाजलीं. १९२७ च्या 'रणदुंदुभी'तील पदें दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यामुळें अजून ऐकूं येतात, पण तीं पदें कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या तोंडीं आहेत हें सांगणारीं माणसें आतां थोडीं राहिलीं. पदें तेवढीं राहिलीं आणि नाटक गळून गेलें, हाहि काळानेंच केलेला एक संक्षेप. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर या नाटकांची जुनी प्रत असेल, आणि विशेषतः तिच्यांत कोणा नटानें वा हौशी मंडळानें पेन्सिलीनें केलेल्या खुणा असतील, तर त्या खुणांसह तिची नक्कल करून सदराकडे पाठवावी. कोणी काय गाळलें आणि कोठें काय वाढविलें, हें आम्ही पुढील एखाद्या अंकांत वाचकांपुढें मांडूं.